आमचे गवत, त्यांचा गुलाब

दिवाळीच्या चार दिवसांत कुणाशी भांडू नये, वर्षभर भांडण मागे लागते, असे माझी आई सांगत असे. संपादकांचे पत्र आले तेही त्याच सुरातले. "मास्तर, अंक घरातली सगळी माणसे वाचतात. काहीतरी प्रसन्न, सुगंधी लिहा." आता सुगंधीच लिहायचे म्हटल्यावर माझा नाइलाज आहे. मला सुगंधावरूनच भांडायचे आहे, आणि तेही थेट नरकचतुर्दशीच्या पहाटेपासून.

तुम्ही पहाटे उठलात. पाणी तापले, अंगाला तेल लागले, उटणे झाले. मग वर्षातून एकदा काढायचा तो भारी साबण निघाला. वेष्टनावर गुलाब, चांगला तळहाताएवढा, दवाच्या थेंबांसकट. न्हाणीघर वासाने भरून गेले आणि पाळीसाठी बाहेर उभे असलेले कुणीतरी म्हणाले, "अहाहा! काय गुलाब आहे!" मी एवढेच विचारतो, की त्या वडीत गुलाब होता किती?

हिशेब करून पाहा. एक किलो गुलाबतेल काढायला साडेतीन-चार हजार किलो फुले लागतात. तीही पहाटे, ऊन चढायच्या आत, एकेक करून खुडलेली. असले तेल लाखांच्या भावाने जाते. पन्नास-साठ रुपयांच्या वडीत ते ओतायला साबणवाल्याला काही वेड लागलेले नाही! तेव्हा तुमच्या न्हाणीघरात दरवळला तो बहुधा कारखान्यात टर्पेंटाइनसारख्या मालापासून घडवलेला वास. आणि साबण जरा बरा असेल, त्यात वनस्पतीचे अस्सल तेल पडले असेल, तर तो वास पुष्कळदा गवताचा असतो. होय, गवताचा! त्या गवताला रोशा म्हणतात. जुन्या ग्रंथांतले नाव रोहिष. ते आमच्या नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर उगवते आणि दीडशे वर्षांपूर्वी त्याच्या तेलाचा व्यापार येथून पार इस्तंबूलपर्यंत चालत असे. पण त्याचे नाव तुम्हाला ठाऊक नाही. यात तुमचा काय दोष? मलाही ते ठाऊक नव्हते.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका तेवढी. मधल्या काळात कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या कादंबरीत नायिकेच्या लग्नाचे वर्णन आहे. मांडवाच्या दाराशी गुलाबदाणी घेतलेली मुले आणि "अस्सल गुलाबाचा मंद दरवळ" असे काहीतरी मी त्यात लिहून ठेवले आहे. अस्सल म्हणे! मी जन्मात कधी अस्सल गुलाबतेल हुंगलेले नव्हते. पाहुण्यांच्या मनगटावर अत्तर लावायचे, पानसुपारी द्यायची, यापलीकडे माझी सुगंधाची विद्या नव्हती. तरी लिहिताना हात जराही कचरला नाही. गुलाब म्हटला की लेखकाला काही पाहावे लागत नाही, हुंगावे लागत नाही. तो शब्द आपोआप उमटतो. गवताचे तसे नाही.

नवव्या वर्गाला एकदा मी विषय दिला होता, "मला आवडणारा सुवास". चाळीस मुले, त्यांतल्या तिसांनी गुलाब काढला. कुणी मोगरा, कुणी चाफा, एकाने भज्यांची कढई काढली, तीही मला पसंत पडली. धडगावकडचा एक पावरा मुलगा वसतिगृहात राहून आमच्या शाळेत येत असे. त्याने कागदावर पाच-सहा उभ्या रेघा मारल्या आणि टोकाला तांबूस तुरे काढले. मी म्हटले, "हे काय? गवत?" तो खाली मान घालून म्हणाला, "हाई रोशा शे, मास्तर." मला वाटले, पोरगा काम चुकवतो आहे. मी दहापैकी दोन गुण दिले, आणि वर्गाला हसू आले ते हसू दिले. हे दोन गुण मला अजून टोचतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला तेव्हा त्याच्या पिशवीत वाळत चाललेली एक जुडी होती. त्याने ती मुकाट्याने माझ्या टेबलावर ठेवली. मी एक पाते चुरगळून नाकाशी नेले आणि थक्क झालो. गुलाब! वर किंचित लिंबासारखी तिखट कड, पण आत गुलाबच. त्याची आजी याच गवताच्या काढ्याने गुडघे शेकते, गोठ्यात चिलटे झाली की हेच जाळून धूर करते, असे त्याने सांगितले. तेल कुणी काढते का, असे विचारल्यावर मात्र तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या आजीच्याही आठवणीत तसे काही नव्हते.

तेथून मी शोधाला लागलो. मास्तराला सुट्ट्या पुष्कळ असतात. इंग्रज सरकारने १८८० साली खानदेशचे गॅझेटियर छापले, त्यात हा सगळा उद्योग तपशीलवार लिहिलेला सापडला. मूळ ठिकाण पिंपळनेर; तेथून तो नंदुरबार, शहादा, तळोदा असा पसरला. भट्टीवाले बहुतेक मुसलमान, थोडे पारशी. पावसाळा सरला आणि गवत तुऱ्यावर आले, म्हणजे नेमके आपल्या नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला, की वाहत्या ओढ्याच्या काठी, जेथे जळण मिळेल अशा जागी, ते भट्ट्या मांडीत. अशा शंभरावर भट्ट्या दर वर्षी लागत.

ती कृती वाचताना मला माझी कादंबरी फिकी वाटू लागली. जमिनीत खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढा तांब्याचा नाहीतर लोखंडी हंडा चढवायचा. तळाशी पाणी, वर काठोकाठ कापलेले गवत, त्यावर पुन्हा थोडे पाणी. झाकणाच्या फटी गव्हाच्या कणकेने लिंपायच्या. झाकणाला भोक पाडून त्यात बांबूची नळी बसवायची. तिला कापड गुंडाळायचे, उडदाचे पीठ थापायचे, वरून दोरीने आवळायचे. नळीचे दुसरे टोक दुसऱ्या बंद हंड्यात, आणि हा हंडा ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला. गवताची वाफ तेथे येऊन थंड होते. हंडा भरला की तो थरथरू लागतो. ही थरथर ओळखायची, नळी अलगद काढायची आणि आतले सगळे तिसऱ्या हंड्यात ओतून घुसळायचे. मग तेल वर तरंगते, ते हलक्या हाताने निपटून घ्यायचे. उरलेले वासाचे पाणीही फुकट घालवायचे नाही. ते पुन्हा नव्या गवताबरोबर चुलीवर. आता मला सांगा, कणीक, उडदाचे पीठ, बांबू आणि ओढा यांतून जगाच्या बाजारात विकले जाणारे द्रव्य काढणाऱ्या माणसाला कोणत्या विद्यापीठाने पदवी द्यावी?

तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई, किंवा धुळे-मनमाडवरून मुंबईला. येथवर त्याचे नाव रोशेल. मुंबईहून ते तांबड्या समुद्रातल्या बंदरांना, जेद्दाला, आणि तेथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून इस्तंबूलला पोचे. आणि याच प्रवासात आमच्या गवताचे नाव गेले.

तुर्क त्याला 'इद्रिस यागी' म्हणू लागले. युरोपचे व्यापारी त्याला 'टर्किश जिरेनियम तेल' म्हणू लागले. ते तुर्की नव्हते, की जिरेनियम नव्हते! जिरेनियम हे दक्षिण आफ्रिकेकडचे झुडूप, त्याच्या पानांना गुलाबासारखा वास येतो एवढाच काय तो संबंध. पण व्यापाऱ्याने माल तुर्कांकडून घेतला म्हणून तो तुर्की, आणि वास जिरेनियमच्या जवळचा म्हणून तो जिरेनियम. खानदेशचे नाव त्या डब्यावर कुणी घातलेच नाही.

पुढची गोष्ट तर हसावे की रडावे अशी. गुलाबाच्या वासाचा जो एक मुख्य अंश असतो त्याला रसायनशास्त्रात जेरॅनिऑल म्हणतात. ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १८७१ साली तो प्रथम शुद्ध रूपात वेगळा केला. कशातून? गुलाबातून नव्हे. जिरेनियमच्या झुडपातूनही नव्हे. हिंदुस्थानातून गेलेल्या गवताच्या तेलातून! तेलाचे व्यापारी नाव जिरेनियम, म्हणून द्रव्याचे नाव जेरॅनिऑल. ज्या द्रव्याचा पहिला शुद्ध थेंब आमच्या गवताने दिला, त्याचे बारसे दुसऱ्याच झुडपाच्या नावाने झाले. आज जगभर रसायनशास्त्राची मुले तो शब्द घोकतात. चांगल्या रोशेलमध्ये हे द्रव्य शेकडा पाऊणशेहून अधिक भरते; खुद्द गुलाबतेलात ते त्याहून पुष्कळ कमी असते. अर्थात गुलाब गुलाब होतो तो आणखी अनेक द्रव्यांच्या मिलाफाने, हे मी नाकारीत नाही. गुलाबाशी माझे वैर नाही, वैर आहे ते वेष्टनाशी.

पुढे या तेलाला 'पामरोझा' असे एक नाव मिळाले. त्यातही 'रोझा' आहेच. आमचे आपले रोशा तेवढे हद्दपार. शास्त्रीय नाव 'सिंबोपोगॉन मार्टिनी', ते क्लॉड मार्टिन या लखनौच्या फ्रेंच सेनानीवरून. त्याने हे गवत आपल्या बागेत वाढवले होते. फौजेतल्या माणसाने बी नेऊन बागेत लावले तर गवत त्याच्या नावाचे होते, आणि पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या उतारांवर ते वाढले त्यांचा कुठे उल्लेखही नाही. त्या गॅझेटियरच्या मजकुरात भट्टीवाला आहे, घाट आहे, हंड्याचे माप आहे. पण डोंगरावर विळा घेऊन ते गवत कुणी कापले, हे मला त्यात आढळले नाही. मुंबईचा व्यापारी सातपुड्यात गवत कापायला येत नव्हता, एवढे मी लिहून देतो.

येथे माझे एक स्नेही मला हमखास अडवतात. ते गावात औषधांचे दुकान चालवतात आणि वादात फार कडक आहेत. ते म्हणतात, "मास्तर, उगीच गवताचे पोवाडे गाऊ नका. इस्तंबूलला ते तेल जात होते ते कशासाठी? गुलाबतेलात भेसळ करण्यासाठी! तुमचे रोशेल म्हणजे दुधातले पाणी." वार वर्मी आहे, आणि मी तो चुकवणार नाही. होय, ते भेसळीसाठीच जात होते. इस्तंबूलमध्ये ते लिंबाच्या रसाच्या आंबट पाण्यात हलवीत, उन्हात ठेवीत. त्याने त्याची तिखट कड जाई आणि रंग फिका पिवळा येई. मग ते बल्गेरियाच्या गुलाबतेलात मिसळे. काही जण तर याहून पुढचे. ते भट्टीत घालण्याआधी गुलाबाच्या पाकळ्यांवरच ते शिंपडीत, म्हणजे तेल निघताना दोन्ही एकजीव होऊनच निघे! खरे गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखा एक अंश असतो. रोशेल तसे गोठत नाही. म्हणून हुशार गिऱ्हाईक कुपी थंडाव्यात ठेवून पारख करी.

पण मी स्नेह्यांना उलट विचारतो, की पाणी दुधात मिसळले तर गुन्हेगार पाणी की गवळी? पिंपळनेरच्या भट्टीवाल्याने कधी "हा गुलाब घ्या" म्हणून हाक मारली नाही. त्याने रोशेल म्हणून काढले आणि रोशेल म्हणून विकले. लबाडी सुरू झाली ती समुद्रापलीकडे, जेथे एकाच द्रव्याला गवत म्हटले की रुपया आणि गुलाब म्हटले की मोहोर मिळत होती. आमचे सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असेही मी म्हणत नाही. रोशेलमध्येही टर्पेंटाइन आणि रॉकेल मिसळणारे महाभाग निघालेच, भेसळीत भेसळ! पण त्या पापाचा वाटा ज्याचा त्याला द्यावा. गवताला भेसळ म्हणू नये. गवत हे गवत आहे, त्याचा वास त्याचा स्वतःचा आहे, आणि त्या वासावर युरोपातल्या सुगंधाच्या पेढ्या श्रीमंत झाल्या आहेत.

मग हा उद्योग आमच्याकडे मेला कसा? गॅझेटियरनेच दुखणे सांगितले आहे: जळण. ओढा होता, गवत होते, पण भट्टी पेटवायला लाकूड पुरत नव्हते, नाहीतर याहून पुष्कळ अधिक तेल निघाले असते. त्यात १८७८ चा जंगलचा कायदा आला, पुढे १९२७ चा आला. या दुसऱ्या कायद्याची व्याख्या एकदा जरूर वाचा. जंगलातून आणलेले गवतसुद्धा वनोपज! म्हणजे ज्या उतारावर आजीने गुडघ्यासाठी मूठभर रोशा कापला, तेथे ती कायद्याच्या दृष्टीने सरकारी माल नेत होती. मागून कारखान्यातला स्वस्त जेरॅनिऑल आला. भट्ट्या विझल्या, आणि विझल्या त्या इतक्या पुरत्या की पन्नास घागरींच्या हंड्याची आठवणही कुणाच्या घरात राहिली नाही.

ही सारी जुनी रड होय, असे तुम्ही म्हणाल. तसे असते तर मी दिवाळीत तोंड उघडले नसते. पण परवाची गोष्ट सांगतो.

माझा एक चुलतभाऊ तापीकाठी शेती करतो. काळी कसदार जमीन, कापूस आणि मिरची. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे एका कंपनीची माणसे आली. कंपनीचे नाव मी घेत नाही, आज तिचा फोनही लागत नाही. गुळगुळीत कागदावर छापलेली पत्रके, त्यांवर हसरा शेतकरी, आणि पीक कोणते? जिरेनियम! एकरी दहा हजार रोपे; रोपे कंपनीकडूनच विकत घ्यायची; तेल आम्हीच विकत घेऊ, लेखी करार. "सुगंधी शेती, लाखोंचे उत्पन्न." भावाने सोसायटीचे कर्ज काढले, वहिनीने आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या. रोपे लागली. पहिल्या पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचले आणि निम्म्यांची मुळे कुजली; जिरेनियमला साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. उरलेल्यांवर आमचा वैशाख बरसला. पारा चाळिशीच्या वर गेला, की ते परदेशी झुडूप काय तग धरणार! जे थोडे तेल निघाले ते घेऊन भाऊ कंपनीच्या पत्त्यावर गेला, तर तेथे मोबाइलच्या झाकणांचे दुकान.

आता यातली थट्टा ध्यानात घ्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आमच्या गवताचे तेल जिरेनियम म्हणून जगाला विकले गेले. आणि आज त्याच जिल्ह्यात, जिरेनियम या नावाच्या मोहिनीने, आमच्याच माणसाला लुबाडले गेले. त्याच्या शेतापासून काही कोसांवर, सातपुड्याच्या कोरड्या उतारावर, कुणी न लावलेला, कुणी पाणी न घातलेला रोशा त्या वर्षीही तुऱ्यावर आला होता. पत्रकात त्याचे चित्र नव्हते. गवताचे चित्र पाहून कोण पाटल्या गहाण ठेवील?

सरकारचे म्हणाल, तर मी उठल्यासुटल्या सरकारला शिव्या घालणाऱ्यांपैकी नाही. लखनौची 'सिमॅप' ही संस्था कित्येक वर्षे सुगंधी वनस्पतींवर काम करते. तिने रोशाच्या चांगल्या जाती काढल्या. २०१७ पासून जे अरोमा मिशन चालले आहे त्यात शेतकऱ्याला बेणे, शिक्षण आणि भट्टी मिळण्याची सोय आहे. हे चांगलेच आहे. देशात आज रोशाची लागवड होते, तेल परदेशी जाते. माझा आक्षेप एवढाच, की आदिवासी गावात शिबिर भरते तेव्हा तेथल्या माणसाला 'लाभार्थी' म्हणतात, आणि रोशा हे 'नवे पीक' म्हणून दाखवतात. नवे? ज्याच्या आजीच्या गुडघ्याला ते ठाऊक आहे, त्याला नवे? रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जुळे, पण मोतियाचे तेल गुलाबाच्या वळणाचे आणि सोफियाचे हलके, आल्याच्या वळणाचे. शास्त्रज्ञांना हा भेद पटवायला वाद घालावे लागले. त्या मुलाबरोबर मी त्याच्या गावी गेलो होतो तेव्हा त्याच्या आजीने दोन पाती चुरगळली आणि एक फेकून दिले. तिला मोतिया हा शब्द ठाऊक नव्हता. हाताला मात्र सगळे ठाऊक होते. शिबिरात व्याख्यान द्यायला तिलाच का बोलावू नये? प्रवासखर्च मी देतो.

आणि मालकीचा प्रश्न आता पूर्वीसारखा अडलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला आहे. व्याख्येत लाकूड सोडून वनस्पतींपासून मिळणारे सगळे येते, औषधी वनस्पती तर नाव घेऊन येतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २०११ साली आपला बांबू स्वतःच्या परवान्याने विकून दाखवला. बांबू म्हणजे तरी काय? शास्त्राच्या भाषेत तेही गवतच! १९२७ च्या कायद्याने त्याला झाड ठरवले होते म्हणून इतकी वर्षे अडवणूक झाली. २०१७ साली कायद्यातून तो शब्द काढावा लागला. गडचिरोलीच्या गवताला जे जमले ते अक्राणीच्या गवताला का जमू नये? एक ग्रामसभा, एक ओढा, एक पोलादी भट्टी. जळणाची जुनी अडचणही आता सुटण्याजोगी आहे. तेल काढून झाल्यावर उरलेला चोथा वाळवला तर तोच पुढच्या खेपेला चुलीत जातो. उतार पार खरवडून कापू नये, बी पडायला काही राखावे, हे सांगायला मास्तर नको. ते तेथल्या बायका मला सांगतील.

भाव पडतील, व्यापारी फसवतील, बुधली गळेल, हे सगळे होईल. माझे औषधवाले स्नेही म्हणतात तसे, एका भट्टीने डोंगर सोन्याचा होत नाही. ठीक आहे, नको सोन्याचा. पण निदान बाटलीवर आपले नाव तर येईल! मी चित्रकलेचा मास्तर आहे, वेष्टन मी फुकट काढून देतो. त्यावर गुलाब असणार नाही. पाच-सहा उभ्या रेघा आणि टोकाला तांबूस तुरे. खरे तर ते चित्र तयारच आहे. ते ज्याने काढले तो आता मोठा झाला आहे, आणि दोन गुण त्याच्या ध्यानात आहेत की नाहीत हे विचारण्याचा मला अजून धीर झालेला नाही.

राहता राहिले संपादक. ते दर वर्षी मानधनाबरोबर अत्तराची एक कुपी पाठवतात, त्याबद्दल मी आभारी आहे. यंदाची कुपी खरेदी करण्यापूर्वी त्यांनी ती थंड पाण्यात ठेवून पाहावी. गोठली नाही, तर दुकानदाराला विचारावे, की बाबा, हे गवत कुठले?